'स्पायडरमॅन २' आता पुन्हा बघा

दिग्दर्शक सॅम रायमीचे तिन्ही 'स्पायडरमॅन' (२००२, २००४, २००७) तुम्ही शाळेत असताना पाहिलेत. तेव्हा दुसरा रटाळ वाटला, तिसरा फसलेला, आणि आता पुन्हा बघण्यात अर्थ आहे का, असं विचारलंय. आहे, नक्की आहे. माझीही मतं हीच होती. गेल्या महिन्यात तिन्ही ओळीने पाहिले आणि दुसऱ्याबद्दलचं मत पार पालटलं.

नववीत माझी एकच तक्रार होती : हा माणूस जाळी सोडून उडत का नाही? सगळा वेळ पिझ्झा पोचवतोय, नोकरी घालवतोय, प्रोफेसरांची बोलणी खातोय. पुढे चार वर्षं मी पुण्यात कॉट बेसिसवर काढली. आता तोच भाग बघताना घशाशी येतं. पीटर, म्हणजे आपला स्पायडरमॅन, त्याला वाढवणाऱ्या मे काकूंच्या घरावर बँकेची जप्ती येऊ घातलीय, तरी वाढदिवसाचे म्हणून त्या त्याला २० डॉलर देतात. तो नको म्हणतो तेव्हा 'घे' म्हणून ओरडतात आणि लगेच त्यांना रडू कोसळतं. पीटर खोलीवर येतो, तर घरमालक भाडं मागायला उभाच. आठवड्याच्या खर्चाला उरलेले तेवढेच २० डॉलर तो हातातून काढून घेतो. सुपरहिरोच्या सिनेमात पैशाची चणचण इतकी खरी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पुढे त्याची शक्ती जाते, तीही कुठल्या विषाने किंवा यंत्राने नाही. पोरगा थकलाय, खचलाय, एवढंच कारण.

आणि तो जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग! काकूंचे नवरे बेन काका यांना मारणाऱ्या चोराला आपणच जाऊ दिलं होतं, हे पीटर कबूल करतो. काकू एक शब्द बोलत नाहीत. हात काढून घेतात आणि जिना चढून वर जातात. सीडीवर मी हे पुढे ढकलायचो, ट्रेनची मारामारी गाठायला. काकू झालेल्या रोझमेरी हॅरिसचं काम तेव्हा मला दिसलंच नव्हतं.

दुसऱ्यातला खलनायक डॉक ऑक याचे यांत्रिक हात आजही जुने वाटत नाहीत. बऱ्याच दृश्यांत त्या खऱ्याखुऱ्या कठपुतळ्या आहेत, माणसांनी हलवलेल्या. त्यांना वजन आहे. २००२च्या भागातल्या कॉम्प्युटरच्या उड्या मात्र आता रबरी वाटतात.

तिसऱ्याबद्दल माझं मत थोडंच हललं. निर्माते अवी अराद यांच्या आग्रहामुळे घुसवलेला खलनायक व्हेनम आजही उपराच वाटतो, आणि काकांचा खरा मारेकरी सँडमॅन (वाळूचा झालेला गुन्हेगार) होता हे ठिगळ मला पटत नाही. पण शेवटी पीटर त्याला माफ करतो, तेव्हा त्या टेबलावरच्या कबुलीची आठवण येते. ज्याला स्वतःला माफी हवी होती, तोच आता ती देतोय. तिन्ही लागोपाठ पाहिले म्हणून हा धागा हाती लागला. दोन-तीन वर्षांच्या अंतराने बघताना तो कधीच निसटला होता.

वेळ कमी असेल तर तिसऱ्यातला सँडमॅन उभा राहतो तेवढा प्रसंग तरी बघाच, हेडफोन लावून. संवाद एकही नाही, फक्त ख्रिस्तोफर यंगचं संगीत. वाळूचा कण न् कण गोळा होतो, ढासळतो, पुन्हा उठतो. मुलीचा फोटो असलेलं लॉकेट समोर पडलंय, आणि ते उचलायला गेलेला हातच भुसभुशीत होऊन गळून पडतो.