स्टेशनवरच्या खजूर बारवर 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलंय, मधुमेही वडिलांना चालेल का?

एवढ्यावरून देऊ नका. वरून साखर घातलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. खजुराची स्वतःची साखर असतेच. दादरच्या स्टॉलवर पैसे देण्याआधी पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिलंच नाव खजूर असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं. मग पोषणमूल्यांच्या तक्त्यात 'टोटल शुगर्स' बघा, फक्त 'अ‍ॅडेड शुगर्स' नव्हे. आकडा बहुतेकदा 100 ग्रॅमचा असतो. बार 40 ग्रॅमचा असेल तर तसा हिशोब करा. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पावडर) दिसलं तर मी तरी परत ठेवेन. ते शुगर्समध्ये धरत नाहीत, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. रोज किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. आणि हो, समोरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबू नका: ज्यूसच्या पाकिटांवरचा '100 टक्के फळांचा रस' हा दावा एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) 2024 मध्ये काढायला लावला.