दहा मीटरच्या आतलं अंदमान

मागच्या अंकात अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या स्कूबा डाइव्हिंगबद्दल, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली जाण्याबद्दल, लिहिलं आणि महिनाभर पत्रं येत राहिली. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण बोटीवर आणि डाइव्ह सेंटरवर जुनंच नाव तोंडात बसलेलं आहे, म्हणून इथेही तेच वापरते. गेले अकरा हंगाम मी तिथे शिकवते. ज्या प्रश्नांची उत्तरं मी रोज सकाळी बोटीवर देते, ती पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : मी ५९ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. हॅवलॉकला आपण दोघींनी स्कूबा करायचंच, असा मुलीचा हट्ट आहे. मला पोहता येत नाही. बीपीची एक गोळी चालू आहे. माझ्यासारखीनं हे धाडस करावं का?

बाई, जरूर करा, पण तिकीट काढायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांच्या डाइव्हला पोहता येण्याची अट नसते. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि ही डाइव्ह १२ मीटरच्या खाली न्यायची नाही असा नियम आहे. सेंटरवर एक आरोग्याचा फॉर्म भरायला देतात. त्यात बीपी, दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, सगळं खरं लिहा. 'हो' लिहिलं तर डॉक्टरांचं पत्र मागतात, म्हणून लोक सरसकट 'नाही'वर खुणा करतात. कृपा करून तसं करू नका. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं पत्र घरूनच घेऊन या, म्हणजे तिथे धावपळ होणार नाही.

धाडस म्हणाल, तर ते पाण्यापेक्षा कानांसाठी लागतं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा निम्मी आक्रसते. सगळ्यांत मोठा फरक पडतो तो या पहिल्या दहा मीटरमध्येच. म्हणून दुखायला दोन-तीन मीटरवरच लागतं. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि नाकातून हवा हलकेच आत ढकला. कानात 'पट्' असा बारीक आवाज येतो, तो आला की झालं. दर अर्ध्या-एक मीटरला हे करायचं, दुखायच्या आधी. दुखलं तर हाताचा पंजा आडवा हलवून खुणेनं सांगायचं आणि थोडं वर यायचं. शिकवणारा थांबेल. थांबत नसेल, तर त्याच्याबरोबर खाली जायचं नाही.

हे मी इतकं लांबवून सांगते, कारण माझ्या तिसऱ्या हंगामात मी सर्दी झालेली असताना पाण्यात उतरले. चार मीटरवर उजव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. मी तशीच खाली गेले आणि मग कानात गार पाणी शिरलं. क्षणभर समुद्राचा तळ माझ्याभोवती गरगर फिरला. पडद्याला भोक पडलं होतं. दीड महिना पाय भिजवण्यापलीकडे मला समुद्र मिळाला नाही. सर्दी असेल, तर दिवस पुढे ढकला. गोळी घेऊन नाक मोकळं करून उतरणं तर सगळ्यांत वाईट, कारण गोळीचा असर खाली असतानाच उतरला, तर वर येताना हवा अडकते.

प्रश्न : आमच्या घरातले सगळेजण मिशा राखतात. मास्कमध्ये पाणी येतं असं ऐकलं. मिशी काढावी लागेल का?

काढायची गरज नाही. मास्कची रबरी कड नाकाखाली, वरच्या ओठावर टेकते. तिथे केस असतील, तर त्यांतून पाणी झिरपतं. मिशीची वरची ओळ, नाकपुड्यांच्या लगेच खालची, बोटाच्या कांड्याच्या निम्म्याइतकी कोरून घ्या. तिथे थोडं व्हॅसलिन लावलं तरी बऱ्याच जणांचं भागतं. बाकी मिशी तशीच राहू द्या. थोडं पाणी आलं तरी मास्कची वरची कड कपाळाशी दाबून नाकातून श्वास सोडला की ते खालून निघून जातं. हे किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात चार वेळा करून बघा.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा आणि आम्ही दोघं. त्याला घेऊन प्रवाळ कुठे बघता येईल? त्याला स्कूबा करू देतात का?

स्कूबा नाही. दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत समुद्रात सिलिंडर लावून नेत नाहीत आणि कुणी नेतो म्हणाला, तर तुम्ही नाही म्हणा. वाढत्या वयाची फुप्फुसं आणि कान आहेत ते. पण स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघायला, सात हे फार छान वय आहे.

नील बेटावर (आता शहीद द्वीप) भरतपूरचा किनारा जेट्टीच्या अगदी जवळ आहे. पाणी उथळ आणि बहुतेक वेळा शांत असतं. तिथे भरतीच्या आसपास उतरा. ओहोटीला प्रवाळ इतके वर येतात की पोट आणि गुडघे घासतात, तुमचे आणि त्यांचेही. ओहोटीची वेळ लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक दगडी पुलासाठी ठेवा. तिथल्या डबक्यांत पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यात समुद्रकाकडी, खेकडे, छोटे मासे दिसतात. मुलाला कदाचित तेच जास्त आवडेल.

हॅवलॉकचा एलिफंट बीच प्रसिद्ध आहे आणि प्रवाळ किनाऱ्याच्या जवळ आहेत, पण सकाळी दहानंतर गर्दी असते. जमलं तर पहिल्या बोटीनं जा. पोर्ट ब्लेअरजवळ (आता श्री विजयपुरम) वंडूरहून जॉली बॉय बेटाला बोट जाते. हा भाग १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. परवाना लागतो आणि प्लास्टिक न्यायला बंदी आहे. पावसाळ्यात जॉली बॉयला विश्रांती देऊन रेड स्किन बेट उघडतात. ही आलटून-पालटून विश्रांती मला फार मोलाची वाटते.

मुलाला पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला, म्हणजे पाठीला क्रीम फासावं लागणार नाही. काही सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन असतं, ते प्रवाळांना घातक ठरतं. लाइफ जॅकेट आणि एका मोठ्या माणसाचा हात, दोन्ही सोडायचं नाही.

प्रश्न : अंदमानात मगरी असतात म्हणे. पाण्यात उतरणं सुरक्षित आहे का?

असतात. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानच्या खाड्यांमध्ये आणि तिवरांमध्ये राहते. २०१० साली हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. त्यानंतर काही किनाऱ्यांवर जाळी आणि पाट्या लागल्या. पाटी जिथे नको म्हणते, तिथे उतरू नका. खाडीच्या तोंडाशी, तिवरांजवळ, आणि पहाटे किंवा अंधार पडताना पाण्यात जाऊ नका. एवढं पाळलंत, तर मनात भीती घेऊन फिरायचं कारण नाही.

प्रश्न : कोणत्या महिन्यात यावं? पाणी स्वच्छ कधी असतं?

नोव्हेंबर ते मे. त्यातही जानेवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यांत शांत. मेअखेर नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की बोटींचा भरवसा राहत नाही.

पण महिन्याइतकीच तिथी बघा. आपल्या कोकणातले लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं, प्रवाह वाढतो आणि तळाची वाळू उठते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी, प्रवाह मंद. नवशिक्यांनी आणि मुलांना घेऊन येणाऱ्यांनी कालनिर्णय समोर ठेवून अष्टमीच्या आगेमागे दिवस धरावेत.

आणि परतीचं विमान ध्यानात ठेवा. एकच डाइव्ह केली असेल, तर निदान १२ तास आणि जास्त केल्या असतील, तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. उंचीवर हवेचा दाब कमी झाला, की त्याचे बुडबुडे सांध्यांत आणि मज्जारज्जूत होऊ शकतात. शेवटचा दिवस राधानगरच्या वाळूत घालवा.

प्रश्न : माझा ओपन वॉटर कोर्स झाला आहे आणि सहा डाइव्ह झाल्या आहेत. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज करायचंय, पण सेंटरवाले नेत नाहीत. पैसे पूर्ण देऊनही उथळ जागीच फिरवतात. हे बरोबर आहे का?

अगदी बरोबर आहे आणि त्या सेंटरला धरून राहा. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्सची मर्यादा १८ मीटर. डिक्सन्सच्या पाण्याखालच्या टेकड्या जवळपास तिथेच सुरू होतात आणि खाली तिशीत जातात. जॉनीज गॉर्जही तसंच खोल, उघड्या समुद्रात, प्रवाहाचं. तिथे दोरी धरून उतरताना घाबरलात, तर जवळ किनारा नाही.

या जागांच्या नावांबद्दल थोडं सांगते. १९२५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशातून करेन समाजाची माणसं अंदमानात आणली, ती मायाबंदरकडे वसली. हॅवलॉकच्या डाइव्हिंगच्या सुरुवातीच्या काळात याच समाजातल्या मुलांनी या जागा शोधल्या. जॉनी, डिक्सन, जॅक्सन ही त्यांची नावं. पाण्याचा रंग आणि प्रवाहाची वळणं बघून त्यांना तळाचा अंदाज यायचा. तेवढं पाणी ओळखून मग तिथे जायचं असतं.

आणि उथळ जागी 'फिरवतात' असं का म्हणता? हवेचा हिशेब करा. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे वर जे सिलिंडर तासभर पुरेल, ते खाली पाव तासात संपतं. पहिल्या डाइव्हला ३० मीटरवर नायट्रोजनचा हिशेबही, म्हणजे तो अंगात किती साठू द्यायचा याचा, २० मिनिटांवर थांबवतो, १८ मीटरवर तोच ५६ मिनिटं देतो. रंगांचंही तसंच. लाल रंग पाच-सहा मीटरच्या पुढे विझत जातो. खाली बोट कापलं, तर रक्त हिरवट दिसतं. रंग, उजेड आणि वेळ, तिन्ही पहिल्या दहा मीटरमध्ये आहेत.

हॅवलॉकच्या निमो रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या पट्ट्यावर, किनाऱ्यावरून चालत उतरता येतं. पाच मीटरवर एक समुद्रफूल आहे, म्हणजे सी ॲनिमोन, त्याच्या कडेला एका दगडाचा तुकडा. मागच्या फेब्रुवारीत त्या दगडावर तळहाताच्या निम्म्याएवढा नारिंगी ठिपका दिसला. जवळ गेले, तर ती अंडी होती, साबुदाण्याहून बारीक, शेकडो, एकाला एक चिकटून. समुद्रफुलात राहणारा लहान क्लाउनफिश मासा तोंडानं ती साफ करत होता आणि पंखांनी पाणी घालत होता. तो नर. थोडी मोठी, बाहेर पहारा देणारी ती मादी. ती गेली, तर हाच नर मादी होतो आणि त्याच्या खालचा छोटा मासा नर. मी आठवडाभर रोज गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी नारिंगी रंग उतरला आणि प्रत्येक अंड्यात दोन रुपेरी डोळे चमकायला लागले. आठव्या दिवशी सकाळी दगड रिकामा होता. या साऱ्यासाठी मी तळापासून हातभर वर, हात-पाय न हलवता तरंगत होते. ते तरंगणं आधी शिका. मग ॲडव्हान्स्ड कोर्स करा आणि डिक्सन्सला या, मी आनंदानं नेईन.

प्रश्न : किनाऱ्यावर वाहून आलेले प्रवाळाचे मेलेले तुकडे आणि शंख आणले तर चालतात का?

नाही. सगळे कठीण प्रवाळ आणि अनेक शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, मेलेलेसुद्धा. विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे रडारड होणार नाही.

प्रश्न : अंदमानचे प्रवाळ मेले, आता बघण्यासारखं काही उरलं नाही, असं मित्र म्हणतो. एवढा खर्च करून यावं का?

तुमच्या मित्रानं जे पाहिलं, ते खरं असणार. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन उचलली गेली आणि तिथले प्रवाळांचे पट्टे पाण्याबाहेर येऊन वाळले. नंतर २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत समुद्र तापला. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, तीच त्याला अन्न आणि रंग देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं जरी काही आठवडे जास्त तापलं, तरी प्रवाळ ती शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर वाचतं, नाही तर उपाशी मरतं.

सगळीकडे सारखं नुकसान नाही. फांद्यांची प्रवाळं आधी जातात, गोलसर मोठाले गोळे पुष्कळदा तग धरतात. म्हणून तुमच्या मित्राला एका जागी सांगाडे दिसले असतील, तर पुढच्या वळणावर जिवंत रीफ असू शकते. तुम्ही जरूर या.

माझ्याकडूनही एक मोडलं आहे. दुसऱ्या हंगामात एका पाहुण्याचा मास्क सावरायला वळले आणि माझ्या फिनचा, म्हणजे पायातल्या रबरी वल्ह्याचा, फटका फांदीच्या प्रवाळाला बसला. वीतभर फांदी खाली वाळूत पडली. मी ती उचलून खडकाच्या फटीत खोचली, पण दोन-तीन आठवड्यांत तिच्यावर शेवाळ चढलं. मूळ झुडूप मात्र वाढत राहिलं. मोडलेल्या खुंटातून वर्षभरात बोटभर नवं टोक आलं. २०१६ च्या मे महिन्यात ते सगळंच्या सगळं पांढरं झालं, नंतर तपकिरी. तेव्हापासून मी पाहुण्यांना त्या बाजूनं नेत नव्हते.

मागच्या हंगामात एका सकाळी प्रवाहामुळे तिकडूनच परतावं लागलं. त्या जुन्या सांगाड्यावर दोन जागी रुपयाच्या नाण्याएवढी कोवळी प्रवाळं धरली होती, कडेला फिकट निळी. तिसरं बहुधा खालच्या बाजूला आहे, पण ते बघायला वाकलं तर फिन लागेल, म्हणून मी वरूनच बघते.