लेक म्हणते पाळक व्हायचंय: कॉलेज नंतर बघा, आधी मंडळीला विचारा

पत्र : आमची मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात मराठी, कॉलेजात कन्नड आणि इंग्रजी. गेल्या हिवाळ्यात परदेशातल्या एका सहयोगी चर्चच्या महिला आमच्या गावच्या मेथडिस्ट मंडळीला भेट द्यायला आल्या, तेव्हा दुभाषाचं काम हिनंच केलं. एका बैठकीत पाहुण्या बाईंनी विचारलं, तुमच्या पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत) बायका किती? हिनं प्रश्न मराठीत सांगितला, मग कन्नडात सांगितला. कोणीच बोलेना, तेव्हा तिनंच इंग्रजीत उत्तर दिलं, "एक." जाताना त्या म्हणाल्या, तू पाळक का होत नाहीस? तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिचे बाबा म्हणतात, बी.एड. कर, नोकरी बघ आणि रविवारी संडे स्कूल घे. मला काळजी लग्नाची. शिवाय बाईला पाळक म्हणून लोक मानतील का, त्यावर पोट भरेल का? सलाम.
एक आई, बेळगाव तालुका

उत्तर : ताई, सलाम.

पाहुण्यांच्या कौतुकावर करिअर ठरवू नये, हे तिच्या बाबांचं म्हणणं बरोबर आहे. पाहुणे परत जातात, मंडळी इथंच राहते. पण मला त्या कौतुकापेक्षा बैठकीतलं "एक" महत्त्वाचं वाटलं. सगळे मोठे गप्प असताना खरा आकडा सांगून टाकणारी मुलगी भाबडेपणानं वाहवत चालली आहे, असं मला वाटत नाही. तेव्हा "भूत उतरेल" म्हणून वाट बघू नका, नीट चौकशीला लागा.

बाईला पाळकपणाची दीक्षा मिळते का, हा प्रश्न पहिल्यांदा निकालात काढू. मिळते. मेथडिस्टांनी स्त्रियांना पाळकपणाचे पूर्ण हक्क १९५६ साली अमेरिकेतल्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेत, दिले. भारतातल्या मेथडिस्ट मंडळ्या तेव्हा त्याच संघटनेत होत्या. मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं ते १९८१ साली. शेजारच्या धारवाडला ज्यांच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांताचं ऑफिस आहे, त्या सी.एस.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियात, तर २०१३ साली आंध्रातल्या नंद्याळला ई. पुष्पललिता बिशप झाल्या. सी.एस.आय.मधल्या त्या पहिल्या महिला बिशप. म्हणजे चर्चच्या घटनेत कुठं आडकाठी नाही.

आडकाठी येते नेमणुकीच्या वेळी. "रात्री-अपरात्री मयत झालं तर बाई येणार का?" "बाळंतपणाच्या रजेत प्रभुभोजन कोण देणार?" असले प्रश्न निघतात, आणि ते विचारणाऱ्यांत बायकाही असतात. गंमत म्हणजे त्याच गावात रात्री दोन वाजता नर्सबाई गेलेल्या चालतात. लोक मानतील का, याचं प्रामाणिक उत्तर असं की पहिल्या वर्षी निम्मे मानतील. एखाद्या घरात आजारपणात ती चार वेळा जाऊन बसली की त्या घरापुरता प्रश्न मिटतो. बाकीची घरं अशीच एकेक करून जोडावी लागतात. तेवढा दम तिच्यात आहे का, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

आता मुख्य मुद्दा. या क्षेत्रात पालक सगळ्यात मोठी गल्लत करतात ती इथं. इंजिनिअरिंगसारखं आधी कॉलेज शोधतात. पाळकाच्या वाटेवर आधी मंडळी लागते. तुमच्या पाळकसाहेबांची आणि पास्टरेट कमिटीची शिफारस, मग डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट (भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणारे), मग रीजनल कॉन्फरन्स (विभागातल्या मंडळ्यांची सभा), असा हा जिना आहे. चर्चनं पाठवलेला उमेदवार शिकून आला की त्याला नेमणुकीची वाट असते. स्वतःच्या पैशानं, कोणाच्याही शिफारशीशिवाय पदवी घेऊन आलेल्यांना "तुम्हाला पाठवलं कोणी?" हे ऐकून घ्यावं लागतं. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच. त्यामुळे शिफारस तोंडी नको, कागदावर घ्या. ज्या कमिटीत एकच बाई आहे तिच्याकडूनच ती मागायची आहे, हे खरं, पण त्याला इलाज नाही.

मुलीला लोकल प्रीचरचं लायसन्स, म्हणजे पाळक नसतानाही प्रवचन करायचा परवाना, आत्ताच घेऊ द्या. महिन्याकाठी एखादं प्रवचन, वस्तीवरच्या प्रार्थनासभा, मयताच्या घरी जाणं, हे वर्षभर केलं की तिलाही कळेल आणि मंडळीलाही. त्यानंतरही तिला हेच हवं असेल तर पुढं बोलू. बी.ए. मात्र पूर्ण करायचंच. ईश्वरविज्ञानाची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवी बहुतेक जुनी कॉलेजं बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटमार्फत देतात. ती चर्चमध्ये सगळीकडे चालते, पण सरकारी नोकरीच्या अर्जात तिच्या भरवशावर राहू नका. हाताशी विद्यापीठाची पदवी असलेली बरी. पदवीधरांना बी.डी.ला साधारण चार वर्षं लागतात.

कॉलेज कुठलं, याचं उत्तर आपल्या सीमाभागात भाषेवर अडतं. पुण्याच्या बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. मूळची यवतमाळची ही संस्था १९८३ साली पुण्यात आली. अभ्यास इंग्रजीतून, आजूबाजूला मराठी, आणि बेळगावहून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येतं. आईवडिलांचा ओढा साहजिकच तिकडं असतो. बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासूनचं, नावाजलेलं. मंगळुरूला बलमठच्या टेकडीवर कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज आहे, तिथं कन्नडातून शिकता येतं. माझं मत विचाराल तर मंगळुरूचं नाव यादीतून घाईनं खोडू नका. उद्या तिची बदली बेळगावातच राहील असं कोणी सांगितलंय? बिदर किंवा कोलारला पाठवलं तर दुकानात बोलण्यापुरतं कन्नड पुरणार नाही. कन्नडात प्रवचन लिहिता आलं पाहिजे, मिनिट्स लिहिता आली पाहिजेत. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुली इथंच मागं पडतात, आणि भाषेवरून बोलणीही खातात.

आता त्या परदेशी सहयोगाबद्दल. त्या बायका तिला बोलावून घेतील, शिकवतील, अशी आशा घरात कोणी धरली असेल तर ती सोडा. पण ही ओळख वाया जाणारी नाही. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीची माणसं बेळगावात आली तेव्हा ठरवणारे तिकडचे आणि राबणारे इकडचे, असा मामला होता. घरोघर जाऊन बायकांना शिकवणाऱ्या आपल्या बायबल बाया उन्हातान्हात हिंडल्या, अहवाल मात्र मिशनरी मॅडमच्या नावानं गेले. त्याच सोसायटीच्या वारशातून १९७७ साली कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन ही संस्था नव्या घडणीत उभी राहिली. पैसा आणि माणसं कुठं द्यायची हे सगळ्या देशांतल्या चर्चनी मिळून ठरवायचं, अशी ती मांडणी. कागदावर तरी बरोबरीचं नातं आलं.

प्रत्यक्षात ते सोपं नसतं. पंडिता रमाबाईंचं बघा. त्यांचा जन्म कर्नाटकातल्या घाटातला, काम महाराष्ट्रात आणि मदत अमेरिकेतून. बोस्टनला १८८७ साली रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं मदत द्यायची ठरली. त्यातून शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा निघाली. शाळेत धर्म शिकवायचा नाही, ही अट होती. मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली पुण्यातल्या सल्लागार मंडळानं राजीनामे दिले. एकीकडं पैसे देणाऱ्यांच्या अटी, दुसरीकडं गावातला संशय, आणि मध्ये एक बाई. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी छापखाना चालवला, बायकांना खिळे जुळवायला शिकवलं, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं.

आज त्या मधल्या जागेवर हिशेब आणि कायदाही आलाय. परदेशी देणगीचा २०१० चा कायदा २०२० मध्ये बराच कडक झाला. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच उतरवायचा, एका संस्थेनं दुसरीला तो पुढं द्यायचा नाही, आणि प्रशासनावरचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. त्यामुळे सहयोगी चर्चशी इंग्रजीत पत्रव्यवहार करणारी, मराठी-कन्नड बायकांच्या सभेत बसून गरज समजून घेणारी आणि व्हाउचर जागच्या जागी लावणारी व्यक्ती मिळता मिळत नाही. तुमच्या मुलीकडं पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी सहा महिन्यांच्या टॅली (संगणकावर हिशेब ठेवायच्या) कोर्सनं येते. दीक्षा मिळो न मिळो, हे काम तिला उपयोगी पडेल. राणी चन्नम्मा विद्यापीठातून एम.एस.डब्ल्यू. करून मग बी.डी.ला जाणं हाही एक रस्ता आहे. लांबचा खरा, पण हात रिकामे राहत नाहीत.

पोटाचं म्हणाल तर पाळकाचा पगार सरकारी शिक्षिकेच्या जवळपास जात नाही. राहायला पाळकगृह मिळतं, तेही रिटायर होईपर्यंतच. स्वतःच्या रीजनल कॉन्फरन्सचं वेतनमान, पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंडाची स्थिती आत्ताच विचारा. "सेवा आहे, पैशाचं काय विचारता" असं कोणी म्हणालं तरी विचारा.

लग्नाचं मी थोडक्यात सांगतो. पाळक मुलासाठी बायको शोधताना "बदली झाली की ती सोबत जाईल" हे न बोलताच धरलेलं असतं. पाळक मुलीसाठी हे पहिल्या बैठकीतच उघड बोलावं लागेल. स्थळं कमी येतील. जी येतील ती विचार करून आलेली असतील.

तिच्या बाबांचा बी.एड.चा आग्रह मोडून काढू नका, एक वर्ष पुढं ढकला. त्या वर्षात लायसन्स, कन्नड लेखन आणि टॅली होऊ दे. सुट्टीत तिघंही मंगळुरू आणि पुणे दोन्ही बघून या, आणि तिथं शिकणाऱ्या मुलींशी वसतिगृहात बसून बोला. प्राचार्य काय सांगतील ते माहितीपत्रकातही असतं. आणि पुढच्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत, ताई, तुम्ही स्वतः नाव का देत नाही?