इराण-इराक युद्धात अमेरिका नक्की कोणाच्या बाजूची?

प्रश्न: माझे सासरे कोयली रिफायनरीतून रिटायर झालेत, ते म्हणतात इराण-इराक युद्धात अमेरिका सद्दामच्या पाठीशी होती. मुलगा कॉलेजातलं सांगतो की अमेरिकेनं इराणला मिसाइलं विकली. घरात रोज वाद! खरं काय? (एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर: ताई, दोघांचंही खरं आहे. सप्टेंबर १९८० मध्ये इराकच्या सद्दामनं इराणवर हल्ला केला तेव्हा अमेरिका म्हणत होती आम्ही तटस्थ, पण १९८२ मध्ये इराणनं आपलं खुर्रमशहर परत घेतलं आणि जुलैत उलट इराकमध्ये घुसले, तेव्हा वॉशिंग्टनचं धाबं दणाणलं, कारण इराक पडला तर पुढे कुवेत आणि सौदीचं तेल. मग इराकला सॅटेलाइटची माहिती, धान्यासाठी कर्ज, सगळं सुरू झालं. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे खास दूत रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दामला भेटून आले. इराक विषारी गॅस वापरतोय हे माहीत होतं, मार्च १९८४ मध्ये जाहीर निषेधही केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात १९६७ पासून तुटलेले राजनैतिक संबंध परत जोडले! हे मला अजिबात पटत नाही, गॅसनं माणसं मरत होती हो.

आता मुलाचं. जगाला सांगायचं इराणला शस्त्रं देऊ नका, आणि १९८५-८६ मध्ये स्वतः चोरून टो (रणगाडे उडवणारी) मिसाइलं द्यायची, कारण लेबनॉनमध्ये ओलीस धरलेले अमेरिकन सोडवायचे होते, आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला, ज्यांना मदत करायला अमेरिकेच्याच संसदेनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसनं, बंदी घातलेली. नोव्हेंबर १९८६ मध्ये बिंग फुटलं. माझ्या मते अमेरिकेला दोघांपैकी कोणीच जिंकायला नको होतं, म्हणून हे सगळं एकाच धोरणात बसतं.

शेवटी तर त्यांचं नौदलच आखातात उतरलं, १९८७ मध्ये कुवेतच्या ११ तेलाच्या टँकरवर संरक्षणासाठी अमेरिकन झेंडे लावून. ३ जुलै १९८८ ला इराण एअरचं ६५५ नंबरचं प्रवासी विमान बंदर अब्बासहून दुबईला निघालं, नुकतंच उडालेलं, वर चढत होतं, आणि व्हिन्सेन्स या अमेरिकन युद्धनौकेवरच्या लोकांना वाटलं की लढाऊ विमान आपल्यावर खाली येतंय. दोन मिसाइलं सोडली. २९० माणसं गेली, त्यात ६६ मुलं, आणि आपले १० भारतीयपण. पुढच्याच महिन्यात युद्धबंदी झाली. १९९६ मध्ये अमेरिकेनं मृतांच्या घरच्यांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, खेद व्यक्त केला, पण चूक आमची असं काही लिहून दिलं नाही.