खोडलेल्या ओळी ठेव

प्रिय मित्रा,

कविता मिळाली. ‘फक्त शुद्धलेखन बघा’ ही ताकीदही मिळाली. शुद्धलेखन ठीक आहे. बाकीचं बोलण्याआधी तू एक हस्तलिखित बघावंस असं वाटतं.

इंग्लिश कवी विल्फ्रेड ओवेनच्या ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ (मरणाच्या वाटेवरच्या तरुणांसाठी स्तोत्र) या कवितेचे खर्डे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पहिल्या महायुद्धातल्या कवितांच्या डिजिटल संग्रहात बघायला मिळतात. साल १९१७. आघाडीवर मनाला धक्का बसलेला २४ वर्षांचा ओवेन एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी इस्पितळात होता. तिथेच सिगफ्रिड ससून आला. साडेसहा वर्षांनी मोठा, कवी म्हणून नाव झालेला, आणि युद्ध लांबवलं जातंय असं जाहीर निवेदन काढल्यामुळे इस्पितळात धाडलेला. ओवेन पहिल्यांदा त्याच्या खोलीवर गेला तो ससूनच्याच संग्रहाच्या प्रतींवर सह्या घ्यायला. (तेव्हा तूही कुणाचा चाहता असलास तर लाजू नकोस.)

त्या खर्ड्यावर दोघांचंही अक्षर आहे. ‘अँथम’ हे नाव ससूनने सुचवलं. ‘डेड’ खोडून ‘डूम्ड’ लिहिलं तेही त्यानेच, आणि मेलेल्या पोरांची कविता मरणाच्या रांगेत उभ्या पोरांची झाली. मला मात्र तोफांची ओळ जास्त अस्वस्थ करते. आधी तिथे ‘आमच्या’ तोफांचा गंभीर क्रोध होता. अखेरच्या रूपात ‘आमच्या’ गेलं आणि क्रोध राक्षसी झाला. लिहिणारा गणवेशातला अधिकारी होता, हे ध्यानात ठेवून ती ओळ पुन्हा वाच.

ससूनच्या सावलीत ओवेन झाकला गेला नाही. भेटीनंतर लगेच त्याने ससूनच्या ढंगात ‘द डेड-बीट’ लिहून पाहिली, पण ती ससूनलाच पुरती रुचली नाही. ससूनचा पिंड उपरोधाचा. ‘अँथम’ या सुनीतातला, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेतला, शोक ओवेनचा स्वतःचा आहे.

४ नोव्हेंबर १९१८ला, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, तो मारला गेला. छापून आलेल्या कविता मोजक्याच. १९२०चा संग्रह कवयित्री एडिथ सिटवेलच्या मदतीने ससूनने काढला, १९३१मध्ये कवी एडमंड ब्लंडनने पुन्हा हस्तलिखितं हाती घेतली, आणि या सगळ्यांना कवितांचं नेमकं रूप ठरवायला असेच खर्डे होते. त्याच्या टिपणवहीत रवींद्रनाथांच्या ओळीही त्याच्या अक्षरात सापडल्या. आईने १९२०मध्ये ते रवींद्रनाथांना पत्राने कळवलं.

तुझी कविता मोबाइलवर लिहिलेली दिसते, म्हणजे आधीची रूपं पुसली गेली असणार. पुढची वहीत लिही, एक ओळ सोडून एक. या कवितेत तिसऱ्या कडव्यातल्या ‘वीरमरण’ शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. तो मला भाषणातून उचललेला वाटतो. पटलं नाही तर तसाच ठेव, पण का ठेवलास ते कळव.

तुझा,
काका