पुस्तक दिलं की फेकतो

"अडीच वर्षांचा झाला, पण पुस्तक हातात दिलं की फेकतो. याला वाचनाची गोडी कशी लागणार, मॅडम?" चिंचवडहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात चित्रांची पुस्तकं होती, फ्लॅशकार्डं होती. मुलगा मात्र जेमतेम सात-आठ सुटे शब्द बोलायचा.

मला पुस्तकाआधी बोलण्याची काळजी वाटली. दोन वर्षांच्या सुमारास मुलं दोन शब्द जोडू लागतात. म्हणून पहिल्यांदा कान तपासून घ्यायला सांगितलं. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत ही तपासणी कधीच लांबवू नये. त्याला ऐकू नीट येत होतं.

मग आईला माझ्यासमोर पुस्तक उघडायला सांगितलं. "हे काय? सांग ना. ॲपल म्हण, ॲपल!" त्याचं बोट पानाच्या कोपऱ्यातल्या मुंगीवर होतं. आई ते उचलून सफरचंदावर ठेवायची, ते पुन्हा मुंगीवर जायचं. शेवटी पुस्तक जमिनीवर. पुस्तकातली परीक्षा त्याला नको होती.

"दिवसभर कोण सांभाळतं?"

"सासूबाई. पण त्या अहिराणी बोलतात. म्हणून सांगितलंय, त्याच्याशी इंग्लिश नाहीतर शुद्ध मराठीच बोला."

आजी शेजारीच होत्या. हळूच म्हणाल्या, "चुकायची भीती वाटते. मग टीव्ही लावून देते."

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं. एवढी बोलकी बाई नातवासमोर गप्प! मूल भाषा शिकतं ते देवाणघेवाणीतून: त्यानं बोट दाखवायचं, आपण त्यावर बोलायचं, मग त्यानं काहीतरी म्हणायचं. टीव्ही त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. भारतातले बालरोगतज्ज्ञही दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणतात आणि 2 ते 5 या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आजीच्या अहिराणीतून मिळणारी गोष्टीची समज, पुढे काय होईल ही उत्सुकता, शाळेत मराठी वाचतानाही कामाला येते.

आजींना सांगितलं, भाजी निवडताना, अंघोळ घालताना मनसोक्त बोला, तुमच्याच बोलीत. आईला सांगितलं, रात्री दहा मिनिटं पुस्तक, पण एकही प्रश्न नाही. तो मुंगी दाखवेल तर मुंगीवर बोला. तो "भू" म्हणाला तर "हो, भूभू पळतोय" म्हणा आणि थांबा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. हे थांबणंच पालकांना सगळ्यात जड जातं.

पावसाळा संपता संपता आई सांगत आली, थोडी अवघडूनच, "मॅडम, परवा वाटीकडे हात करून म्हणाला, 'माले दे'." म्हणजे आजीच्या अहिराणीत 'मला दे'. ती त्याची दोन शब्दांची पहिली जोडी होती! शब्द अजून वयाच्या मानानं कमी आहेत, म्हणून स्पीच थेरपी चालू ठेवली आहे.

आता तिची तक्रार वेगळी आहे: रोज तेच पुस्तक घेऊन मांडीवर येऊन बसतो, बदलू का? बदलू नका, म्हटलं. वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा अडवून धरा आणि तो त्याला म्हणू द्या.