पळतोस छान, पण बीमचं काय?

उपवन तलावाच्या काठाने रोज पहाटे पळताना दिसतोस. पाय चांगले आहेत तुझे. पण बीमला, म्हणजे पुल-अप्सच्या दांड्याला, हात लावताना एकदाही पाहिलं नाही, म्हणून लिहितोय.

लष्कराच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलेस की पूर्ण ६० गुण. पुढच्या १५ सेकंदांत पोचलास तर ४८. बीमचे ४०, पण दहा पुल-अप्स पूर्ण मारले तरच. सहाला फक्त १६. नऊ फुटी खड्ड्यावरची उडी आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, यात नुसतं पास व्हायचं, त्याची फार काळजी नको.

साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी ८२ सेकंदांच्या आसपास. पहिली फेरी ७० मध्ये मारून हिरो झालेली पोरं तिसरीला बसतात. मीही बसलोय, लाज कसली! आठवड्यातून एकदा ४०० मीटर सहा वेळा पळ, ८० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालायचं. येऊरचा चढ आठवड्याला एकदाच, आणि उतरताना चालत ये, नाहीतर नडग्या धरतील.

बीमला झटके देऊन वर जायची सवय लावू नकोस. हनुवटी दांड्याच्या वर, खाली येताना हात पूर्ण सरळ. सध्या एकही निघत नसेल तर स्टुलावरून वर जा आणि पाच सेकंद घेत सावकाश खाली ये. दिवसाआड, पाच-पाचचे चार सेट. तळहात सोलतील, सोलू देत.

रविवारी सहाला ये, स्टॉपवॉच मी आणतो.